वाटूरच्या रेघेवर

वाटूर, ता. परतूर
८ सप्टेंबर १९७४

चि. देवानंद,
जय भीम.

हे पत्र आईचं न्हाई, माझं आहे. पाकिटावरचं अक्षर बघून तुला कळलंच असंल. तरी फोडलंस, बरं वाटलं. आता शेवटपर्यंत वाच.

मागल्या आठवड्यात तू तीन दिवस येऊन गेलास. तीन दिवसांत माझ्याशी बोललास ते सगळं मिळून "हो गुरुजी", "न्हाई गुरुजी" आणि निघताना "येतो". जाताना कागदांचा एक गठ्ठा आईपाशी टाकलास, चूल पेटवायला. तिला म्हणालास, बोटीवरच्या सेकंड मेटच्या परीक्षेत दोनदा या एकाच गणिताच्या पेपरात नापास झालो, या खेपेला न्हाई झालं तर बोट सोडतो आणि जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकापुढं ठाण उलगडीत बसतो. मी ओसरीवर होतो. कान फुटले न्हाईत अजून माझे.

ते कागद मी चुलीतून काढले. दोन जळाले, सतरा हाती लागले. तुझी आई म्हणाली, "लेकरानं फेकलेलं कशाला उकरता?" म्हणलं, तीस वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांच्या चुका उकरून राह्यलो, एकदा आपल्याच्या उकरतो.

मला दर्यातलं काही कळत न्हाई. मी दर्या पाह्यला सुद्धा न्हाई, पण कागदावरून एवढं समजलं. भर दुपारी ते कोन मोजायचं यंत्र डोळ्याला लावून सूर्य किती उंच आहे ते बघायचं. ते नव्वदातून वजा करायचं. मंग तुमच्या दर्यावरच्या पंचांगात सूर्य त्या दिवशी उत्तरेला सरकलाय का दक्षिणेला ते बघून मिळवायचं न्हाईतर काढायचं, की बोट पृथ्वीच्या कोणत्या आडव्या रेघेवर आहे ते कळतं. सूर्याचं एवढंच. ताऱ्यांची गणितं लांबलचक आहेत, पण शेवटी ती बी बेरीज-वजाबाकीच. चौथीची पोरं करतील.

आणि तू काय केलंस? ९० अंशांतून ६२ अंश ४७ मिनिटं वजा, उत्तर २७ अंश ५३ मिनिटं! अरे बाबा, शेजारच्या घरातून एक अंश उसना घेतलास आणि त्याचे शंभर केलेस. अंशाची मिनिटं साठ. साठातून सत्तेचाळीस गेले, राह्यले तेरा. २७ अंश १३ मिनिटं. चाळीस मिनिटांची चूक झाली, आणि तूच कोपऱ्यात लिहिलंयस की एका मिनिटाला दर्यावरचा एक मैल. म्हंजे आपले चौऱ्याहत्तर किलोमीटर. जालन्याहून वाटूरला यायला बसलेला माणूस मंठ्याच्या पुढं जाऊन उतरला. तिथं खडक असला मंग?

चूक तुझ्या एकट्याची बी न्हाई. तुमची पिढी मीटर-किलोच्या शंभरावर वाढली. आमच्या वेळी मणाचे शेर चाळीस, शेराच्या छटाका सोळा, फुटाचे इंच बारा. उसनं घेताना आधी विचारावं लागायचं, कुणाच्या घरचं घेतोय. तू विचारत न्हाईस, हात लांब करून थेट शंभर उचलतोस.

परीक्षा १८ नोव्हेंबरला आहे म्हणं. आजपासून एकाहत्तर दिवस. कागद पाठवत जा, तपासून देतो. राग धरायचा असंल तर परीक्षा झाल्यावर धर, मी कुठं पळून चाललो न्हाई.

तातेराव गुरुजी


वाटूर
२४ सप्टेंबर १९७४

चि. देवानंद,
जय भीम.

तुझं पत्र आलं. आईला आलं. बेबीनंदानं मोठ्यानं वाचलं. तुझी बहीण आता नववीला आहे आणि वाचताना बातम्या दिल्यासारखा सूर लावती. माझ्यासाठी त्यात एकच वाक्य होतं, "त्यांना सांग, साठाचं मला माहीत आहे."

माहीत आहे तर मंग केलं का न्हाई? बरं, ऱ्हाऊ दे. भांडाय बसलो न्हाई.

सतरा कागद रोज शाळा सुटली की घेऊन बसतो. तू कागद फार वाचवतोस. कोपऱ्यात, समासात, जिथं जागा सापडंल तिथं आकडे घुसवतोस. बिलकुल वाचवू नको. अंशाखाली अंश, मिनिटाखाली मिनिटं, मधी उभी रेघ. प्रत्येक आकड्यापुढं त्याचं नाव लिही, हा सूर्याचा, हा पंचांगातला, हा उत्तरेचा, हा दक्षिणेचा. बिननावाचा आकडा म्हंजे जत्रेत हरवलेलं पोर, कुणाच्या बी मागं जातं. पंचांगातून आकडा उतरवला की बोट ठेवून पुन्हा एकदा वाच, ओठ हालव. कुणी हसलं तर हसू दे. आणि गणित सुरू करायच्या आधीच अंदाज लिहून ठेव. काल बोट विसाच्या आसपास होती तर आज एकदम तिसावर कशी जाईल? बोट आहे ती, उडतं इमान न्हाई.

यापुढं तुला नवाचा ताळा सांगणार होतो. आकड्यांची बेरीज करून नऊ टाकत जायचं आणि उत्तराशी जुळवायचं. तीस वर्षं पोरांना तोच शिकवला. पण काल एक गंमत झाली.

तुझ्याच कागदावर पाह्यलं की २३ सप्टेंबरला सूर्य ना उत्तरेला असतो ना दक्षिणेला. म्हंजे त्या दुपारी काठीच्या सावलीवरून आपल्या गावाची रेघ थेट निघती. म्हणलं, लेक दर्यावर काढतो, आपण शाळेच्या मैदानात काढू. साठ इंचाची काठी रोवली, दोरीला दगड बांधून ती सरळ केली, आणि बाराच्या आधीपासून सावलीच्या टोकाला खिळे ठोकत बसलो. पोरं भोवती गोळा. सव्वाबाराच्या सुमाराला सावली सगळ्यात आखूड झाली. ती मोजली, वहीत लिहिली, जालन्याहून आणलेल्या जुन्या कोष्टकांच्या पुस्तकात बघून उत्तर काढलं. आलं ११ अंश ४६ मिनिटं.

बेबीनंदानं नकाशा उघडला आणि ओरडली, "आबा, आपलं वाटूर मद्रासच्या खाली गेलं! आता रोज इडली!"

पोरं हसून लोळली.  परत खिळ्यापाशी जाऊन मोजलं तर सावली साडेएकवीस इंच होती, आणि मी वहीत साडेबारा लिहिलं होतं. एकवीसचे बारा. आकडे तेच, जागा उलट्या. बराबर मांडल्यावर आलं १९ अंश ४३ मिनिटं. नकाशात बी आपण विसाच्या रेघेच्या जरा खालीच आहोत.

बेबीनंदा विचारती, "तुमच्या ताळ्यानं कसं न्हाई धरलं?" कसं धरणार? दोन न् एक तीन, एक न् दोन बी तीन. आकड्यांनी जागा बदलली तर ताळ्याला पत्ताच लागत न्हाई.

त्यावरून मला एक जुनी गोष्ट आठवली. ती आज लिहीत न्हाई. आई विचारती, तिथं मुंबईला भाकर मिळती का.

तातेराव गुरुजी


वाटूर
१४ ऑक्टोबर १९७४

देवा,

आज चौदा तारीख. अठरा वर्षांमागं याच दिवशी मी नागपुरात दीक्षाभूमीवर होतो. तू पाच वर्षांचा होतास, आईपाशी ठेवून गेल्तो. तिथं लाखो माणसांच्या आवाजात आवाज मिळवून बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्यात एक होती, मी खोटं बोलणार नाही. आज सकाळपासून ती एकच कानात घुमून राह्यलीय.

तुझे कागद मी परवा उन्हात धरून पाह्यले. तुझी खोडायची पद्धत मला ठाऊक आहे, तीन आडव्या रेघा, दाबून. त्या रेघांच्या खालचे आकडे वाचले. देवा, सतरापैकी अकरा कागदांवर तू पहिल्यांदा लिहिलेलं उत्तर बराबर आहे. अकरा! बराबर लिहितोस, मंग खोडतोस, आणि मंग चुकीचं लिहितोस. त्या पहिल्या कागदावर बी २७ अंश १३ मिनिटंच होते. मी तुला साठाचं शिकवाया निघालो होतो, आणि तू पहिल्या झटक्यात साठच घेतले होतेस. ते खोडून शंभरावर गेलास. तुला गणित येतं. ते बराबर आलं यावर तुझा विश्वास बसत न्हाई.

हे तुला कुणी शिकवलं ते मला माहीत आहे.

१९६२, तू सातवीला. माझाच वर्ग. शाळेत मला गुरुजी म्हणायचं न् घरी आबा, असं आपलं ठरलेलं. त्या दिवशी मी वहीतून फळ्यावर गुणाकार लिहिला. बत्तीस पोरांपैकी एकतीस जणांचं उत्तर माझ्या वहीशी जुळलं, १९७०१८. तुझं आलं २२१८५८. मी तुला पुढं बोलावलं. म्हणलं, गुरुजीचं पोरगं असून गुणाकार येत न्हाई? हातावर दोन छड्या दिल्या. तू म्हणालास, "गुरुजी, बराबर आहे. फळ्यावर बघा." मी फळ्याकडं बघितलं न्हाई. उलट बोलतो म्हणून तिसरी छडी दिली. आणि तुझ्याच हातानं तुझं उत्तर खोडायला लावून खाली माझं लिहायला लावलं. तू तीन रेघा मारल्यास, दाबून. पाटाच्या पाण्यासारखं तुझ्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण आवाज काढला न्हाईस.

पोरं गेल्यावर फळा पुसायला उठलो. वहीत गणित होतं ४२८३ गुणिले ४६. फळ्यावर मी लिहिलं होतं ४८२३ गुणिले ४६.

तुझं उत्तर बराबर होतं. ताळा दोन्हींचा आठ येतो, आताच पुन्हा करून पाह्यला.

बाकीच्या एकतीस जणांचं कसं जुळलं ते बी तेव्हाच कळलं. मी दर वर्षी तीच गणितं घालायचो. पोरांनी थोरल्या भावांच्या वह्यांतून उत्तरं पाठ केल्ती. सगळ्या वर्गात फळ्याकडं बघून गणित केलं ते एकट्यानं. त्यालाच मी मारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गाला सांगता आलं असतं. न्हाई सांगितलं. फळा स्वच्छ पुसला, वर ओलं फडकं फिरवलं. या शाळेत मी आपल्या लोकांतला पहिला मास्तर. गावात माणसं टपूनच होती, याची चूक कधी सापडती आणि "यांना कुठं गणित येतंय" असं कधी म्हणायला मिळतं. मला त्या माणसांची भीती वाटली. ती भीती खरी होती, पण तिचा मार तुझ्या हातावर बसला.

त्या दिवसापासून तू घरी बी मला गुरुजी म्हणायला लागलास. आईला वाटलं, पोरगं मोठं झालं, मान देतंय. मला माहीत होतं. बारा वर्षं माहीत होतं. पुढं तू औरंगाबादला शिकाया गेलास आणि न सांगता बोटीवर चढलास, तेव्हा बी लोकांना म्हणत राह्यलो, पोरगं हट्टी आहे.

तुझी ती वही माझ्या ट्रंकेत आहे. त्यातलं पान फाडून सोबत पाठवतोय. २२१८५८ च्या पुढं तांबड्या पेन्सिलीनं बरोबरची खूण केली आहे. बारा वर्षं उशीर झाला. माझं चुकलं, देवा. पोरापुढं असं लिहायची सवय न्हाई, तरी लिहिलं. माझं चुकलं.

आबा


वाटूर
३ नोव्हेंबर १९७४

देवा,

वीस दिवस झाले, तुझं काही उत्तर न्हाई. पोस्टमन रामराव मला लांबून बघितलं की आधीच मान हालवतो, जवळ बी येत न्हाई. तू लिही असं म्हणत न्हाई. पान मिळालं असंल एवढं धरून चालतो.

हे पत्र कामाचं आहे, जल्दी लिहून राह्यलो. परीक्षेला पंधरा दिवस राह्यले. ताळ्यावर माझा भरवसा उरला न्हाई, म्हणून दुसरी रीत शोधली आणि वर्गात पोरांवर करून पाह्यली. शंका आली की खोडायचं न्हाई. जिथं शंका आली तिथंच बोटं घालून दुरुस्ती केली की माणूस चांगलं बी बिघडवतो. पहिला कागद पालथा घालायचा, कोरा कागद घ्यायचा आणि अगदी वरपासून पुन्हा करायचं, पहिल्याकडं न बघता. वजाबाकी केली असंल तर या खेपेला बेरीज करत वर जायचं. दोन्ही उत्तरं एक आली की हात उचलायचा, मंग ब्रह्मदेव आला तरी खोडायचं न्हाई. वेगळी आली तरच तिसरा कागद.

सातवीच्या वर्गाला मी बारा वर्षांमागचं ते गणित सांगितलं, फळ्यावर दोन्ही आकडे लिहून, कुणाची चूक होती ते नाव घेऊन.  मंग एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, मंग तुम्हाला छड्या कोण मारणार?" आता दर दिवशी फळ्यावर काही तरी चुकीचं शोधायला पोरं टपलेली असतात. सापडलं की अख्खा वर्ग नाचतो. आधीच्यापेक्षा गणित चांगलं करून राह्यलीत.

तुझ्या वर्गातला वसंता आठवड्याच्या बाजारात भेटला. त्याला बी सांगितलं. तो हसत सुटला, "गुरुजी, मला अजून पाठ आहे, एक लाख सत्त्याण्णव हजार अठरा! दादाच्या वहीतून पाठ केल्तं." मंग हसू थांबवून म्हणाला, "देवाच्या हातावरचे वळ आम्ही सगळ्यांनी बघितले होते." 

आईनं तिळाची चटणी पाठवलीय. पुडक्याच्या दोऱ्या मी बांधल्यात, कापून काढ, सुटणार न्हाईत.

आबा


वाटूर
१२ डिसेंबर १९७४

देवा,

तार करायची ती अशी करायची का रे? वाटुरात तार येती ती कुणी तरी गेल्याचीच. रामराव सायकल आडवी टाकून धावत आला, आणि तार फोडायच्या आधीच तुझ्या आईनं हंबरडा फोडला. शेजारची चांगुणाबाई पदर डोळ्याला लावून रडाय आली. बेबीनंदानं वाचलं, "पास." एवढंच. चांगुणाबाईला कळंना आता रडायचं का हसायचं, आली आहे तर चहा घेऊन गेली.

तुझी आई मला म्हणाली, "आता तरी तुम्ही डोळे पुसा." मी म्हणलं, धूर लागला. चूल पेटलेली नव्हती.

तार आईच्या नावावर होती. बरं केलंस. तिचाच मान पहिला.

एक विचारतो, वाटलं तर सांग न्हाई तर राहू दे. त्या दिवशी काही खोडलंस का?

आबा


वाटूर
१६ फेब्रुवारी १९७५

देवा,

तुझं पत्र काल मिळालं. पाकिटावर माझं नाव बघून रामरावानं मला शाळेतून बाहेर बोलावलं. तिथंच झाडाखाली फोडलं. पहिलाच शब्द "आबा" होता. मला तिथून पुढं वाचाय जमेना, मंग वर्गातल्या पोरांना पाढे म्हणाय लावले आणि दाराकडं पाठ करून वाचलं.

परीक्षेत एकदा हात खोडायला गेला, मंग पालथा कागद घातला, कोरा घेतला, दोन्ही एक आले, हे वाचलं. शिकाऊपण संपून पहिली पगारी नोकरी, नवी बोट, दुपारचं गणित आता तुझं एकट्याचं, हे बी वाचलं. तू लिहिलंस, ते फाडलेलं पान पंचांगात ठेवलंय. बरं.

आणि सोबतचा कागद. २ फेब्रुवारीची दुपार, मुंबईच्या पश्चिमेला भर दर्यात. खाली तू लिहिलंयस, "आबा, हे तपासू नका. बराबर आहे."

खोटं बोलणार न्हाई, हात शिवशिवले. तांबडी पेन्सिल कानावर होतीच. वरची एक ओळ तर दिसलीच, डोळे थोडेच मिटता येतात. नव्वदातून त्रेपन्न अंश पंधरा मिनिटं, राह्यले छत्तीस अंश पंचेचाळीस. तिथंच थांबलो. पुढचं झाकलं, एकदम शेवटचं उत्तर पाह्यलं आणि त्याच्या पुढं खूण केली. तीस वर्षांत न तपासता केलेली ही पहिली खूण. कागदावर कुठं बी खाडाखोड न्हाई.

उत्तर होतं १९ अंश ४३ मिनिटं.

तू वर काही लिहिलं न्हाईस, मला कळंल म्हणून. कळलं. तेवढ्या दुपारपुरती तुझी बोट आपल्या वाटूरच्या रेघेवर होती. शाळेच्या मैदानातल्या माझ्या काठीपासून सरळ.

घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं. तिला रेघ-बिघ कळंना. म्हणाली, "एवढ्या पाण्यात लेकरू नेमकं कुठल्या अंगाला हाय, तेवढं दाखवा." मी तिला मैदानात नेलं. काठी अजून तिथंच आहे, पोरांनी हालवू दिली न्हाई. तिला काठीपाशी उभी केली, तोंड पश्चिमेला केलं, हात सरळ धरला. म्हणलं, "असा सरळ. जरा बी इकडं न्हाई, जरा बी तिकडं न्हाई. त्या दिवशी दुपारी तो तिथं होता."

तिनं तिकडं बघितलं. समोर कारभारीचं ज्वारीचं रान होतं, दुसरं काही न्हाई. मंग तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि रानातून तुला जेवायला बोलवायची ना, तशी हाक मारली, "देवाऽऽ, जेवलास का रेऽऽ?"

कारभारीनं कणसं खुडायचं थांबवून बघितलं. मैदानातली पोरं हसली. मी हसलो न्हाई.

तर जेवलास का, ते तेवढं लिही. ती वाट बघती.

तुझा
आबा